नागपूरचे दोन सामने

नागपूरच्या क्रिकेटचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात. एक जामठ्याचे मोठे स्टेडियम आणि दुसरी विदर्भाने जिंकलेला रणजी करंडक. पण क्रिकेटच्या इतिहासात नागपूरचे नाव आणखी दोन पानांवर लिहिले गेले आहे, आणि ती पाने आपण मुलांना सहसा उघडून दाखवत नाही. ते दोन्ही सामने सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर झाले. एक १९ मार्च २००० रोजी, दुसरा २१ जानेवारी २००७ रोजी. दोन्ही दिवस रविवार होते आणि दोन्ही दिवशी मैदान तुडुंब होते. लोक पदरचे पैसे खर्च करून खेळ पाहायला आले होते. त्यांना दाखवल्या जाणाऱ्या खेळाचा थोडासा भाग आधीच विकायला काढला गेला आहे, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

या स्तंभात आम्ही खेळावर क्वचितच लिहितो. या वेळी लिहीत आहोत, कारण आयपीएलचे दिवस आले की शाळेत आमच्या कानावर जे शब्द पडतात ते आता फक्त चौकार-षटकारांचे राहिलेले नाहीत. "आज भाव काय आहे", "सेशन किती दिले", असे प्रश्न नववी-दहावीची मुले एकमेकांना विचारतात. मोठी माणसे ऐकतात आणि मुलांचा पोरखेळ म्हणून सोडून देतात. हा पोरखेळ कुठून सुरू होतो आणि कुठे जाऊन थांबतो, हे समजण्यासाठी आपल्याच शहरातले ते दोन सामने पुरेसे आहेत.

कर्णधाराने मागितलेले अपयश

२००० साली दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला होता. कसोटी मालिका त्याने २-० अशी जिंकली होती. एकदिवसीय मालिकेत मात्र भारत ३-१ ने पुढे होता, म्हणजे नागपूरच्या पाचव्या सामन्याआधीच मालिकेचा निकाल लागलेला होता. बकरी ईद नुकतीच होऊन गेली होती, शहर अजून सणाच्या मनःस्थितीत होते. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार होता हॅन्सी क्रोनिए.

क्रोनिए कोण होता, हे आजच्या मुलांना माहीत नसेल. वर्णद्वेषी धोरणामुळे दक्षिण आफ्रिका दोन दशके आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या बाहेर होती. तिचे पुनरागमन झाल्यावर ज्या माणसाकडे त्या देशाने डोळे लावले तो हा. पंचविसाव्या वर्षी कसोटी संघाचा कर्णधार झाला. ५३ कसोटींत नेतृत्व करून त्याने २७ जिंकल्या. शिस्तीचा, कष्टाळू, धार्मिक म्हणून त्याची ख्याती होती. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेची खूण म्हणून तो मनगटावर पट्टी बांधत असे. नेल्सन मंडेलांच्या नव्या देशात गोऱ्या आणि काळ्या मुलांना सारखाच आदर्श वाटावा, असा हा माणूस.

हाच माणूस नागपूरच्या त्या सामन्यापूर्वी हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स या आपल्याच दोन खेळाडूंकडे गेला. दोघे एकाच खोलीत राहत होते. त्याने त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. गिब्जने २० पेक्षा कमी धावा काढायच्या, विल्यम्सने आपल्या दहा षटकांत ५० पेक्षा जास्त धावा द्यायच्या. प्रत्येकाला १५ हजार डॉलर मिळतील. दोघांनी होकार दिला. संघाची धावसंख्याही २७० च्या पुढे जाऊ नये, असे बुकीला हवे होते.

प्रत्यक्षात झाले उलटेच. गिब्ज फलंदाजीला गेला आणि ५३ चेंडूंत ७४ धावा काढून आला. संघ ३२० पर्यंत पोहोचला. विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच षटकात दुखावला आणि अकरा चेंडू टाकून तो मैदानाबाहेर गेला. सचिनने ९३ धावा केल्या तरी भारत दहा धावांनी हरला. ठरलेला सौदा पूर्ण झालाच नाही आणि दोघांना पैसेही मिळाले नाहीत.

मग गुन्हा झाला की नाही? हा प्रश्न आम्ही वर्गात मुद्दाम विचारतो आणि निम्मा वर्ग म्हणतो, "नाही, त्याने तर रन काढले!" यावर आम्ही मुलांना एवढेच विचारतो की, परीक्षेत कॉपीची चिठ्ठी खिशात घेऊन बसलेल्या मुलाला ऐनवेळी उत्तर आठवले, तर चिठ्ठी खिशात नव्हती असे होईल का? वर्ग गप्प होतो.

आणखी एक तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. क्रोनिएने बुकीशी प्रत्येक खेळाडूमागे २५ हजार डॉलरची बोली केली होती आणि खेळाडूंना सांगितले १५ हजार. म्हणजे आपल्याच माणसांना बेइमानीत ओढताना त्यांच्या हिश्शातूनही दहा-दहा हजार काढायची त्याची तयारी होती. आणि त्याने हात पुढे केला तो कोणाकडे? संघातल्या दोन गोऱ्या नसलेल्या खेळाडूंकडे. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासारख्यांना मैदानाबाहेर ठेवले होते, त्या देशात संघातली जागा ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती, आणि ती जागा ठरवण्यात कर्णधाराचा शब्द वजनाचा होता. अशा वरच्या माणसाला "नाही" म्हणायला किती हिंमत लागते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कळेल. म्हणून आमच्या मते त्या दोघांच्या दोषापेक्षा क्रोनिएचा दोष कितीतरी पट मोठा होता. कर्णधारपद ही अमानत असते. अमानतीत खयानत करणाऱ्याने हाताखालच्यांना साथीदार केले, तर दोषाचे वजन वाटले जात नाही, उलट वाढते.

पहिला पैसा काहीच न करता मिळतो

हे प्रकरण उघडकीला आले तेही योगायोगाने. दिल्ली पोलीस एका खंडणीच्या तपासात फोन ऐकत होते. त्या फोनवर त्यांना क्रिकेटचे सौदे ऐकू आले. ७ एप्रिल २००० रोजी पोलिसांनी ते जाहीर केले तेव्हा जगाने विश्वास ठेवला नाही. क्रोनिएने साफ इन्कार केला आणि त्याचा देश त्याच्या पाठीशी उभा राहिला. भारतीय पोलिसांचीच थट्टा झाली. चार दिवसांनी, ११ एप्रिलच्या पहाटे, क्रोनिएने क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना फोन करून आपण पूर्ण खरे बोललो नव्हतो, अशी कबुली दिली.

त्यानंतर न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगापुढे केपटाऊनमध्ये साक्षी झाल्या. तिथे क्रोनिएने जी हकिगत सांगितली ती प्रत्येक पालकाने समजून घ्यावी अशी आहे. १९९६ साली कानपूरच्या कसोटीच्या वेळी एका माणसाने त्याला ३० हजार डॉलर दिले होते. संघ तसाही हरण्याच्या स्थितीत होता, त्यामुळे त्याने त्या पैशांसाठी काहीच केले नाही. पैसे मात्र ठेवून घेतले. कुणाचे काही बिघडले नाही, असे त्याला वाटले असणार. त्याच दौऱ्याच्या शेवटी मुंबईत एक सामना हरण्यासाठी संपूर्ण संघाला मोठ्या रकमेचा प्रस्ताव आला. कर्णधाराने तो संघाच्या बैठकीत मांडला आणि काही खेळाडूंनी ठाम विरोध केल्यामुळे तो फेटाळला गेला. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियनच्या कसोटीत डाव सोडून देऊन सामना निकाली करण्याच्या बदल्यात एका सट्टेबाजाकडून पैसे आणि चामड्याचे जॅकेट घेतले. आणि मग मार्चमध्ये नागपूर.

हा क्रम पाहा. आधी काहीच न करता पैसा आला. मग जाकीट आले. मग स्वतः काही करणे आले आणि शेवटी हाताखालच्यांना करायला लावणे आले. कोणताही माणूस पहिल्या दिवशी चौथ्या पायरीवर उभा राहत नाही. ऑक्टोबर २००० मध्ये क्रोनिएवर आजन्म बंदी आली. १ जून २००२ रोजी विमान अपघातात तो मरण पावला, तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. त्याचा हिशोब आता त्याच्या मालकापाशी आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही.

"फक्त माहितीच तर दिली"

दुसरा सामना भारत आणि वेस्ट इंडीजचा. भारताने ३३८ धावा केल्या आणि १४ धावांनी जिंकला. या वेळी फोन ऐकत होते ते आपले नागपूरचे पोलीस. सामन्याच्या आधी वेस्ट इंडीजचा फलंदाज मार्लन सॅम्युअल्स आणि एक संशयित बुकी यांच्यातील संभाषण त्यांनी टिपले. त्यात संघाची आतली माहिती, गोलंदाजी कोण सुरू करणार वगैरे, दिली गेल्याचा पोलिसांचा दावा होता. फेब्रुवारी २००७ मध्ये ही बातमी बाहेर आली.

सॅम्युअल्स हा जमैकाच्या किंग्स्टन शहराचा मुलगा. थोरला भाऊ रॉबर्टही वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला. मार्लनने १९ व्या वर्षी ऑस्ट्रेलियात कसोटी पदार्पण केले. २००२ साली कोलकात्याच्या ईडन गार्डनवर शतक झळकावले. हात असा की पाहणाऱ्याने पाहत राहावे. त्याने सामना फिरवल्याचा ठपका ठेवला गेला नाही, आणि आपण काही गैर केले नाही असेच तो म्हणत राहिला. पण एका हॉटेलचे बिल त्या माणसाने भरल्याचे निघाले. खेळाची बदनामी होईल असा पैसा किंवा लाभ स्वीकारल्याबद्दल मे २००८ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. सत्तावीस-अठ्ठावीस हे फलंदाजाच्या ऐन उमेदीचे वय. तीच दोन वर्षे गेली.

इथे मुले नेमका तोच प्रश्न विचारतात: "त्याने तर फक्त माहिती दिली, त्यात काय बिघडले?" उत्तर सट्ट्याच्या धंद्यात आहे. बुकी भाव काढतो तो सर्वांना ठाऊक असलेल्या माहितीवर. पहिले षटक कोण टाकणार, कोणाचा खांदा दुखतो, खेळपट्टीवर कर्णधाराचा भरवसा आहे की नाही, ही गोष्ट एकाला आधी कळली की त्याच्यासाठी तो सट्टा राहतच नाही, ती खात्रीची कमाई होते. आणि ती कमाई ज्यांच्या खिशातून येते ते लोक अंधारात असतात. दुकानदाराला उद्या साखर महागणार हे आतून कळले आणि त्याने शेजाऱ्याचे पोते आजच्या भावात उचलले, तसे हे आहे. माहिती हा संघाचा माल आहे. तो विकण्याचा हक्क एका खेळाडूला नाही.

सॅम्युअल्सची पुढची गोष्ट तर आणखी विचार करायला लावते. बंदी संपल्यावर तो परत आला, आणि कसा परत आला! ऑक्टोबर २०१२ मध्ये कोलंबोला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ७८ धावा केल्या. एप्रिल २०१६ मध्ये कोलकात्याला पुन्हा अंतिम सामना, या वेळी नाबाद ८५. दोन्ही वेळा सामनावीर तोच. एखाद्या पडलेल्या माणसाला इतके मोठे दार पुन्हा उघडावे, असे क्वचितच होते. २०२० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा गोष्ट इथे छान संपली असती. पण २०१९ च्या अबुधाबीतील टी-टेन स्पर्धेच्या वेळचे प्रकरण पुढे आले. ७५० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचा पाहुणचार घेतल्याचे कळवले नाही, तपासाला सहकार्य केले नाही, असे आरोप सिद्ध झाले आणि नोव्हेंबर २०२३ पासून त्याच्यावर सहा वर्षांची बंदी लागू झाली. तीनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने, सतरा शतके, दोन विश्वचषक. आणि नावापुढे दोन बंदी. दोन्ही वेळी मुद्दा एकच होता: कुणीतरी काहीतरी दिले आणि त्याने ते घेतले.

भेट कोणाला, पदाला की माणसाला?

क्रिकेटच्या नियमपुस्तकात भेट आणि पाहुणचार कळवण्याची सक्ती आज आहे. आपल्याकडे ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वी सांगितली गेली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत आला आणि त्याने मालाचे दोन भाग केले. एक बैतुलमालचा आणि दुसरा आपल्याला भेट मिळालेला. त्यावर हुजूर (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) नाराज झाले. हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्या दारात आल्या असत्या का, असा त्यांचा सवाल होता. आम्हाला वाटते, प्रत्येक खेळाडूने, कारकुनाने, शिक्षकाने, नगरसेवकाने स्वतःला हाच सवाल करावा. सॅम्युअल्स क्रिकेटपटू नसता तर त्या माणसाने त्याच्या हॉटेलचे बिल भरले असते का?

आणि जुगाराबद्दल तर सूरह अल-माइदाच्या नव्वद आणि एक्क्याण्णवव्या आयतींत मनाई स्पष्ट आहे, कारणासकट. जुगाराने माणसामाणसांत वैर पडते आणि माणूस नमाजापासून तुटतो. ज्या घरात सट्टा शिरला आहे त्या घरातल्या माउलीला हे कारण समजावून सांगावे लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. २००० साली हे सगळे बाहेर आले तेव्हा भारतात काही लोकांना यादीतले एकच नाव दिसले, मोहम्मद अझरुद्दीन यांचे. भारतीय मंडळाने त्यांच्यावर आणि अजय शर्मांवर आजन्म, अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. पुढे जडेजांची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये उठवली, आणि अझरुद्दीन यांच्यावरील बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. बेइमानीला जात-धर्म नसतो, ही यादीच त्याची साक्ष आहे. पण याची दुसरी बाजूही आपण मान्य करायला हवी. नाव आपल्यासारखे आहे म्हणून कुणाची पाठराखण करणे हाही इन्साफ नाही. २०१० साली लॉर्ड्सवर सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि अठरा वर्षांचा मोहम्मद आमिर यांनी ठरवून नोबॉल टाकण्याचे प्रकरण केले आणि लंडनच्या न्यायालयाने तिघांना तुरुंगात पाठवले. तिथेही कर्णधारच अठरा वर्षांच्या पोराला त्या वाटेने घेऊन गेला होता.

आपल्या गल्लीतला हिशोब

आता मैदानातून गल्लीत येऊ. बुकी खेळाडूला हजारो डॉलर देतो, ते तो आपल्या खिशातून देत नाही. ते मोमिनपुऱ्यापासून मुंबईपर्यंत हजारो लोकांनी लावलेल्या शंभर-पाचशेच्या रकमांतून निघतात. म्हणून सट्टा लावणारा मुलगा हा फसवला जाणाराही असतो आणि त्या फसवणुकीला भांडवल पुरवणाराही असतो.

वर्गात आम्ही एक साधे गणित घालतो. समजा दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि बुकी रुपयाला नव्वद पैसे देतो. एका मुलाने शंभर वेळा शंभर-शंभर रुपये लावले आणि बरोबर निम्म्या वेळा जिंकला. पन्नास वेळा नव्वद, म्हणजे साडेचार हजार मिळाले. पन्नास वेळा शंभर, म्हणजे पाच हजार गेले. अर्ध्या वेळा जिंकूनही पाचशे रुपयांचे नुकसान. बुकीने काहीही लबाडी न करता हे होते, लबाडी केल्यावर काय होईल ते वेगळेच. मुले हे गणित स्वतः सोडवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते दहा उपदेशांनी उमटत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्यांच्या जाहिरातींवरही. तोपर्यंत भारतीय संघाच्या जर्सीवरच अशा एका ॲपचे नाव झळकत होते. मुलांना आम्ही काय सांगायचे आणि मुलांनी टीव्हीवर काय पाहायचे! कायदा झाला हे चांगलेच झाले. पण कायद्याने उघडे दुकान बंद होते, मागचे दार नाही. ते दार आता टेलिग्रामवर आणि ओळखीच्या भाईच्या मोबाइलवर आहे.

या मागच्या दाराने काय येते, त्याचे एक उदाहरण सांगतो. आमच्याकडून शिकून गेलेला एक मुलगा काही महिन्यांपूर्वी घरी आला. बारावीनंतर छोटी नोकरी करणारा, कधी एक रुपयाही न लावलेला. मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या तरुणाने त्याला सांगितले, "तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला पाच हजार घे, तुला काहीच करायचे नाही." त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दिले. दोन महिने पाच-पाच हजार आले. तिसऱ्या महिन्यात खाते गोठवले गेले आणि दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस आली. त्या खात्यातून लाखो रुपये फिरले होते. तो आम्हाला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मैंने तो कुछ किया ही नहीं, सिर्फ खाता दिया." क्रोनिएचे कानपूर आणि सॅम्युअल्सचा फोन आम्हाला त्या मुलाच्या तोंडून पुन्हा ऐकू आले. काहीच न करता पैसे देणारा माणूस आपल्याकडून काहीतरी घेत असतोच. ते काय, हे आपल्याला नंतर कळते. त्या मुलाबरोबर आम्ही वकिलाकडे गेलो, प्रकरण अजून चालू आहे. सर्वांत अवघड काम वकिलाचे नव्हतेच, त्याच्या अब्बांना सांगण्याचे होते. नोटीस येऊन सतरा दिवस झाले होते आणि घरात कुणालाच माहीत नव्हते.

हे सतरा दिवस आमच्या मनातून जात नाहीत. क्रोनिएने चार दिवस खोटे लावून धरले, नंतरही कबुली तुकड्या-तुकड्यांनी दिली. गिब्जही सुरुवातीला खोटे बोलला होता, पण आयोगापुढे त्याने खरे सांगितले. त्याला आणि विल्यम्सला सहा महिन्यांची बंदी आणि दंड झाला. पुढे गिब्ज २०१० पर्यंत आपल्या देशाकडून खेळला. २००६ मध्ये दिल्ली पोलिसांपुढे चौकशीलाही हजर झाला आणि त्याच वर्षी जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाच्या ४३४ धावांचा पाठलाग करताना १७५ धावांची खेळी केली. खरे बोलल्याने गुन्हा पुसला जात नाही, पण पुढचा रस्ता बंद होत नाही. मात्र खरे बोलायला समोर ऐकणारा कुणीतरी लागतो.

म्हणून पालकहो, विशेषतः अब्बा लोकांना आमची विनंती आहे. मुलगा सामना संपल्यावर संघ जिंकूनही उदास दिसतो का, मित्रांकडून उसने घेतो का, दुसरे सिम कशाला ठेवतो, घड्याळ किंवा मोबाइल अचानक हरवला म्हणतो का, याकडे लक्ष ठेवा. त्याच्या खात्याचे पासबुक महिन्यातून एकदा त्याच्यासोबत बसून पाहा, पाळत म्हणून नव्हे, घरचा रिवाज म्हणून. त्याला आजच सांगून ठेवा की खाते, सिम आणि सही या तीन गोष्टी कुणालाही, सख्ख्या मामूच्या मुलालाही, वापरायला द्यायच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचे, काही चुकले तर पहिल्या दिवशी घरी सांग, मारणार नाही, मिळून निस्तरू, हे त्याला शब्दांत सांगा. मनात असून चालत नाही, मुलाच्या कानावर ते पडायला हवे.

मुलांना आदर्श हवा असेल तर लांब जायची गरज नाही. आपल्याच नागपूरचा फैज फजल. जून २०१६ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध हरारेला भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, नाबाद ५५ धावा केल्या आणि त्यानंतर त्याला भारताची टोपी पुन्हा मिळाली नाही. तक्रारीचे निमित्त याहून मोठे काय हवे? तो परत येऊन विदर्भासाठी खेळत राहिला. त्याच्या नेतृत्वाखाली विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखला. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. जे आपल्या हातात नव्हते ते मिळाले नाही, पण जे हातात होते ते त्याने कुणाला विकले नाही. रिज़्क ठरलेले असते. ते कोणत्या हाताने घ्यायचे, एवढेच आपल्याकडे सोपवलेले आहे.

या महिन्यात एखाद्या संध्याकाळी मुलाशेजारी बसून एक सामना पूर्ण पाहा. मध्ये सहज विचारा, "तुमच्या वर्गात भाव लावणारे कोण कोण आहेत?" नावे विचारू नका, फक्त आकडा विचारा. तो जे सांगेल ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. पुढच्या महिन्यात त्यावरच बोलू, इन्शाअल्लाह.